तळ्याकाठचे दैवत : महड आणि पालीची यात्रा

न्हावा शेवा हे नाव आज जगभरच्या जहाजांच्या कागदपत्रांत लिहिले जाते. खाडीच्या काठी वसलेल्या न्हावा आणि शेवा या दोन गावांची ही जोडनावे. २६ मे १९८९ रोजी येथील बंदर कार्यान्वित झाले. त्यापूर्वीच शेवा गावाचे पुनर्वसन होऊन नवीन शेवा वसले, आणि मिठागरे, भातखाचरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या या किनाऱ्याचे रूप पालटले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू आणि उरणपर्यंतचा लोहमार्ग एकाच दिवशी खुला झाला. मुंबई आणि रायगड यांच्यामधले खाडीचे अंतर आता काही मिनिटांचे उरले आहे.

या नव्या मार्गांनी माल जातो, कामगार जातात, तसे यात्रेकरूही जातात. किनाऱ्यावरून निघून एका दिवसात परत येता यावे अशा टप्प्यात रायगड जिल्ह्यातील दोन प्रसिद्ध गणेशस्थाने आहेत : खालापूर तालुक्यातील महड आणि सुधागड तालुक्यातील पाली. अष्टविनायकांपैकी पाच स्थाने पुणे जिल्ह्यात, एक अहिल्यानगर जिल्ह्यात आणि ही दोन कोकणात आहेत. या दोन्ही कोकणी स्थानांचे एक वैशिष्ट्य घाईच्या दर्शनात सहसा लक्षात येत नाही. दोन्ही देवळे पाण्याच्या काठी उभी आहेत. महडचे दैवत तर तळ्यातूनच वर आले, अशी परंपरा आहे. ही यात्रा नीट समजून घ्यावयाची असेल, तर देवळाइतकेच त्या तळ्यांकडेही पाहावे लागते.

तीर्थ या शब्दाचा अर्थ

‘तीर्थ’ हा शब्द ‘तरून जाणे’ या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आला आहे. नदी ओलांडण्याचा उतार, पाण्यात उतरण्याची जागा, घाट हा त्याचा जुना अर्थ. पुढे पवित्र स्थळ असा अर्थ रूढ झाला, तरी पाण्याशी असलेले नाते तुटले नाही. देवळात पुजारी ओंजळीत घालतो त्या पाण्यालाही मराठी माणूस तीर्थच म्हणतो. एकाच शब्दाने जागा आणि पाणी या दोहोंचा बोध व्हावा, यातच आपल्या क्षेत्रांची घडण सांगितली गेली आहे.

भारतातील अनेक क्षेत्रे सरोवराच्या काठी वसली आहेत. राजस्थानात पुष्कर, ओडिशात भुवनेश्वरचे बिंदुसागर ही त्यांतील सर्वपरिचित उदाहरणे. महाराष्ट्रात त्र्यंबकेश्वरचे कुशावर्त प्रसिद्ध आहे, तर बुलढाणा जिल्ह्यात उल्कापाताने निर्माण झालेल्या लोणार सरोवराभोवती प्राचीन देवळांची मालिका आहे. लोणारच्या सरोवराला २०२० साली रामसर यादीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून स्थान मिळाले. महड व पाली येथील तळी आकाराने यांच्यापुढे लहान. पण देवस्थान आणि पाणी यांचे नाते तेच आहे.

महड : तळ्यातून आलेला वरदविनायक

पनवेलहून जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने खोपोलीकडे जाताना खोपोलीच्या अलीकडे महडचा फाटा लागतो. येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे महड म्हणजे सावित्री नदीकाठचे महाड नव्हे. दोन्ही गावे रायगड जिल्ह्यातच असल्याने बाहेरगावच्या यात्रेकरूंची गल्लत होते. महाडचाही उल्लेख या लेखात पुढे येणार आहे, परंतु वेगळ्या कारणाने.

महडच्या गणपतीला वरदविनायक म्हणतात. या क्षेत्राची कथा गृत्समद ऋषींशी जोडलेली आहे. गणपतीच्या पूजेत म्हटला जाणारा सुप्रसिद्ध आवाहनमंत्र ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात आहे आणि परंपरेने ते मंडल गृत्समदांचे मानले जाते. जन्माविषयीच्या लोकापवादाने व्यथित झालेल्या गृत्समदांनी वनात तप केले, गणेशाने प्रसन्न होऊन वर दिला आणि त्यांच्याच विनंतीवरून तो तेथे वरद देणारा म्हणून राहिला, अशी ही कथा आहे.

आजच्या मूर्तीची हकीकत मात्र अलीकडच्या काळातील आहे. इ. स. १६९० मध्ये एका भक्ताला स्वप्नात देवळामागील तळ्यात पडलेली मूर्ती दिसली, शोध घेता ती सापडली आणि तिची स्थापना झाली, असे सांगितले जाते. पुढे १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी मंदिर बांधले. मंदिर साधे, कौलारू घराच्या वळणाचे असून वर घुमट आहे. गाभाऱ्यातील नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत असल्याची श्रद्धा आहे. मंदिराच्या उत्तरेस गोमुख आणि पश्चिमेस पवित्र तळे आहे.

मूर्ती पाण्यात सापडल्याच्या कथा महाराष्ट्रात ठिकठिकाणी ऐकू येतात. आक्रमणाच्या किंवा धामधुमीच्या काळात मूर्ती तळ्यात वा विहिरीत सुरक्षित ठेवण्याची पद्धत होती. त्यामुळे अशा कथांच्या मुळाशी प्रत्यक्ष घटना असणे अशक्य नाही. ते काहीही असो, महडच्या भक्ताच्या मनात देव आणि तळे यांची गाठ या कथेने कायमची बांधली. ज्या पाण्याने देव सांभाळला, ते पाणी देवाइतकेच जपण्याजोगे, हा तिचा सरळ अर्थ आहे.

महडहून पालीकडे

महडहून पालीस जाण्यासाठी खोपोलीहून वाकणकडे जाणारा रस्ता धरावा लागतो. खोपोली ते पाली हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आत आहे. मुंबई–गोवा महामार्गाने येणाऱ्यांना नागोठण्याजवळच्या वाकण फाट्यावरून पाली गाठता येते. नागोठणे ते पाली अंतर सुमारे ११ किलोमीटर आहे. रेल्वेने येणाऱ्यांना कर्जतमार्गे खोपोलीपर्यंत उपनगरी गाडी मिळते व पुढे एस. टी. ची सोय आहे. पावसाळ्यात अंबा नदीला पूर येतो. त्या दिवसांत रस्त्याची चौकशी करूनच निघणे श्रेयस्कर.

हा प्रवास करताना पाण्याची वाटही पाहण्यासारखी आहे. खोपोली–खालापूर परिसरातील ओढे पाताळगंगेला मिळतात. सह्याद्रीच्या माथ्यावरील जलाशयांचे पाणी १९१५ साली सुरू झालेल्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून बाहेर पडते तेही याच नदीत. पालीच्या अंगाने वाहणारी अंबा नदी नागोठण्यावरून पुढे जाते. या दोन्ही नद्या धरमतरच्या खाडीला मिळतात आणि ती खाडी रेवस व करंजा यांच्या दरम्यान मुंबईच्या बंदरक्षेत्रात उघडते. करंजा हे उरण तालुक्यातीलच गाव. म्हणजे न्हावा शेव्याचा यात्रेकरू ज्या डोंगरपायथ्याकडे दर्शनाला जातो, तेथील पाणी अखेरीस त्याच्याच दारच्या समुद्रात येते. वर जे पाण्यात टाकले जाते, तेही त्याच वाटेने खाली येते.

पाली : भक्ताच्या नावाचा देव

सरसगडाच्या उभ्या कातळाखाली वसलेले पाली हे गाव बल्लाळेश्वराचे. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकच गणपती. पल्लीपूर येथील कल्याण नावाच्या व्यापाऱ्याचा मुलगा बल्लाळ गावातील मुलांना जमवून रानात एका धोंड्यालाच गणपती मानून त्याची पूजा करी. मुले घरी वेळेवर येत नाहीत म्हणून पालकांनी तक्रार केली. रागावलेल्या बापाने पूजा उधळली, धोंडा फेकून दिला आणि मुलाला झाडाला बांधून ठेवले. गणेशाने तेथे प्रकट होऊन मुलाची सुटका केली आणि त्याच्या नावाने तेथेच वास्तव्य केले. बापाने फेकलेला धोंडा म्हणजेच मागील देवळातील धुंडिविनायक. म्हणून आधी धुंडिविनायकाचे दर्शन घ्यावे आणि मग बल्लाळेश्वराचे, असा प्रघात आहे. लहान मुलाच्या भक्तीला बापाच्या श्रीमंतीहून मोठी मानणारी ही कथा शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे.

येथील मूळ मंदिर लाकडी होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फडणीस घराण्याच्या पुढाकाराने दगडी मंदिर उभे राहिले. चिऱ्यांचे सांधे पक्के करण्यासाठी त्यांत शिसे ओतलेले आहे. मंदिर पूर्वाभिमुख असून दक्षिणायनात उगवत्या सूर्याचे किरण थेट मूर्तीवर पडावेत अशी त्याची रचना आहे. वसईच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत पोर्तुगीजांचा पराभव झाल्यावर चिमाजी अप्पांनी तेथील घंटा निरनिराळ्या देवस्थानांना अर्पण केल्या. त्यांतील एक पालीस आहे. भाद्रपद आणि माघ महिन्यांतील शुद्ध प्रतिपदेपासून पंचमीपर्यंत येथे मोठे उत्सव होतात. गावापासून जवळच उन्हेरे येथे गरम पाण्याची कुंडे आहेत.

पालीच्या मंदिराजवळ दोन तळी आहेत. त्यांतील एकाचे पाणी देवाच्या पूजेसाठी राखून ठेवलेले असते. वरवर पाहता ही केवळ धार्मिक प्रथा वाटते. पण तिच्यामागे पाण्याच्या व्यवस्थेचा एक फार जुना नियम आहे : ज्या पाण्याचा उपयोग ज्या कामासाठी, ते त्याच कामासाठी ठेवावे, एक पाणी दुसऱ्यात मिसळू नये. पिण्याचे पाणी, गुरांचे पाणी आणि धुण्याचे पाणी वेगळे असावे, हे आरोग्य खात्याच्या प्रत्येक पत्रकात सांगितले जाते. पालीच्या दोन तळ्यांनी तेच पूजेच्या भाषेत सांगितले आहे.

कोकणातले तळे : भरते कसे, आटते कसे

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्या-पाड्यांवर टँकर पाठवावे लागतात. याचे कारण जमिनीच्या घडणीत आहे. सह्याद्रीचा माथा आणि समुद्र यांच्यातील पट्टी अरुंद आहे. उतार तीव्र, खाली काळा कातळ, वर मातीचा थर पातळ. चार महिन्यांत कोसळणारे पाणी मुरण्याआधीच ओढ्या-नद्यांतून खाडीला मिळते.

अशा प्रदेशात डोंगराच्या पायथ्याशी खोदलेले तळे म्हणजे वाहत्या पाण्याला घातलेला अडसर होय. उतारावरून येणारे पाणी त्यात साठते, कडेच्या मुरमातून झिरपून आसपासच्या विहिरींना पोहोचते आणि जादा झालेले पाणी सांडव्यावाटे निघून जाते. तळ्याच्या पायऱ्या केवळ शोभेसाठी नसतात. पातळी जसजशी खाली जाईल तसतसे माणसालाही खाली उतरता यावे, यासाठी त्या असतात. देवळाजवळ तळे असले म्हणजे तेथे घाण करण्यास लोक धजत नाहीत, काठची झाडे तोडत नाहीत आणि उत्सवाच्या निमित्ताने वर्षातून एकदा सफाईही होते. श्रद्धेने येथे पहारेकऱ्याचे काम केले.

तळ्यातील पाण्याचा हिशेब शाळेतील मुलांनाही करता येईल इतका सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळते. समजा, एखादे तळे ५० मीटर लांब, ४० मीटर रुंद आणि सरासरी दोन मीटर खोल आहे. त्यात चार हजार घनमीटर, म्हणजे चाळीस लाख लिटर पाणी मावेल. तळाशी ३० सेंटिमीटर गाळ साचला, तर ६०० घनमीटर जागा व्यापली जाईल आणि सहा लाख लिटर पाणी कमी साठेल. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी वाफ होऊन जात असेल, तर दररोज दहा हजार लिटर पाणी उडून जाईल. दिसायला काठोकाठ भरलेले तळे प्रत्यक्षात किती पाणी देते, हे त्याच्या तळाशी असलेल्या गाळावर ठरते.

तळे कोणाचे?

पवित्रतेने तळी राखली, ही गोष्ट खरी. पण त्याच पवित्रतेच्या नावाने माणसांना पाण्यापासून दूरही ठेवले गेले. या इतिहासाची सर्वांत मोठी खूण याच जिल्ह्यात, महाड येथे आहे.

मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इत्यादी अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले करावेत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेनेही त्यानुसार १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे खुले केले, परंतु व्यवहारात ते बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि त्यांनी तेथील पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातनी मंडळींनी तळे बाटले असे मानून त्यात पंचगव्य ओतले आणि ‘शुद्धीकरण’ केले. नगरपालिकेने आपला पहिला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे सिद्ध झालेले नाही, असा निर्णय देऊन त्यांचा हक्क कायम केला.

पुढे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये हा प्रश्न निःसंदिग्धपणे सोडविण्यात आला. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेल्या किंवा जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध घालता येत नाही. तलाव आणि स्नानघाट हे शब्द देशाच्या मूलभूत कायद्यात यावेत, यामागे महाडसारख्या पाणवठ्यांचा अनुभव आहे.

या घटनेतून आजच्या पंचायतीने घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. पहिला असा की, सार्वजनिक तळ्याचे पाणी कोणा माणसाच्या स्पर्शाने बाटत नाही. दुसरा असा की, ते बाटते ते कचऱ्याने, सांडपाण्याने आणि उपेक्षेने. १९२७ साली ज्यांनी तळे शुद्ध करण्याचा घाट घातला, त्यांनी अशुद्धीची चुकीची व्याख्या केली होती. योग्य व्याख्या विज्ञानाने दिली आहे, आणि ती समजून घेणे कठीण नाही.

भक्तीचा भार

तळ्यातील मासे आणि इतर जीव पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. फुले, दुर्वा, पाने, नारळाच्या शेंड्या, दूध, नैवेद्य हे सर्व पाण्यात पडून कुजू लागले म्हणजे कुजविणारे सूक्ष्म जीव तो प्राणवायू वापरून टाकतात. कुजलेल्या पदार्थांतील पोषक द्रव्यांवर शेवाळ आणि जलपर्णी माजतात. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, पण रात्री तेही तो ओढून घेते. म्हणून अशा तळ्यांत मासे बहुधा पहाटेच्या सुमारास मरून तरंगताना दिसतात. त्यात साबणाचे पाणी किंवा शौचालयाचे सांडपाणी मिळाले की तळ्याची अवस्था आणखी बिघडते. ओंजळभर फुले एका भक्ताने टाकली तर तळे ती पचवते. दहा हजार भक्तांनी टाकली तर पचवू शकत नाही.

गणेशमूर्तींचा प्रश्न रायगडच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. पेण आणि परिसरातील मूर्तिकारांच्या गणेशमूर्ती महाराष्ट्रभर आणि परदेशांतही जातात. उरण, पनवेल, पेण या भागांत भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या उत्सवानंतर वद्य चतुर्थीला साखरचौथीचे गणपतीही बसतात. विसर्जन खाडीत होते, तसे गावतळ्यांतही होते. शाडूची मूर्ती पाण्यात काही तासांत विरघळते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती मात्र दीर्घकाळ तशीच राहते, तिच्यातील घटकांमुळे पाण्याचा कठीणपणा वाढतो आणि रासायनिक रंगांतील शिसे, पारा, क्रोमियम यांसारखे धातू पाण्यात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाबाबत २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० मध्ये त्या सुधारल्या. नैसर्गिक मातीच्या मूर्ती, अपायकारक नसलेले रंग, विसर्जनापूर्वी निर्माल्य व सजावट वेगळी काढणे आणि विसर्जनासाठी स्वतंत्र हौद यांवर त्यांत भर आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टरची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात घरच्या घरी विरघळविण्याची पद्धतही दिली आहे. लहान तळ्याच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे : शाडू अपायकारक नसला, तरी तो गाळच आहे. म्हणून शाडूची मूर्तीही घरच्या बादलीत विसर्जित करून ती माती मूर्तिकाराला परत देणे, किंवा बागेत घालणे अधिक चांगले.

यात्रेकरूंची संख्या यापुढे वाढतच जाणार आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. २०१३ मध्ये खोपोली–पाली रस्त्यावर मोठे करमणूक उद्यान सुरू झाले. २०२४ मध्ये अटल सेतू आला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. रस्ते रुंद करता येतात, वाहनतळ वाढविता येतात. देवाचे तळे मात्र जेवढे आहे तेवढेच राहणार.

पंचायतीला काय करता येईल

पाणीपुरवठा, स्वच्छता आणि सार्वजनिक पाणवठ्यांची निगा ही ग्रामपंचायतीची कर्तव्ये आहेत. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये यात्रेकरूंवरील कर तसेच जत्रा व उत्सव यांवरील कर बसविण्याची तरतूद आहे. या मार्गाने मिळणारा पैसा प्रथम पाणी आणि स्वच्छता यांवर खर्च होणे न्यायाचे ठरेल; कारण यात्रेचा पहिला भार त्यांवरच पडतो.

ज्या गावात देवळाचे तळे आहे, तेथे पुढील कामे फारसा खर्च न करता हाती घेता येतील.

पहिले काम नोंदीचे. तळे कोणाच्या नावे आहे, त्याचे क्षेत्र किती, पाणी कोणत्या ओहळाने येते आणि सांडवा कोठे निघतो, याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या दप्तरी असावा. येणारी वाट बुजली किंवा तिच्यावर बांधकाम झाले, तर गाळ काढूनही तळे भरत नाही.

दुसरे काम मोजमापाचे. तळ्याच्या पायऱ्यांवर रंगाने पातळीच्या खुणा कराव्यात आणि शाळेतील मुलांनी दर आठवड्याला नोंद घ्यावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की मे महिन्यात किती पाणी उरेल, हे गावाला जानेवारीतच सांगता येते.

तिसरे काम गाळाचे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेने जलाशयातील गाळ शेतात नेण्याची सवय राज्याला लावली. सुपीक गाळ भातखाचरांना उपयोगी पडतो. मात्र ज्या तळ्यात रंगीत मूर्तींचे विसर्जन होत आले आहे, तेथील गाळ तपासून घेतल्याशिवाय शेतात टाकू नये. खोदकाम करताना तळाचा घट्ट थर फोडू नये आणि जुन्या पायऱ्यांचे चिरे हलवू नयेत.

चौथे काम निर्माल्याचे. तळ्याच्या काठी कुंपण घालण्याआधी देवळाच्या दारात निर्माल्याचे कलश ठेवावेत. भक्ताला फूल टाकावयाचे असते, तळे बिघडवावयाचे नसते. त्याला योग्य जागा दिसली की तो ती वापरतो. जमलेल्या निर्माल्याचे खत करून ते देवळाच्याच बागेला घालावे.

पाचवे काम सांडपाण्याचे. धर्मशाळा, भोजनालये आणि सार्वजनिक स्वच्छतागृहे यांचे पाणी तळ्याच्या उतारावर येणार नाही, याची खात्री बांधकामाची परवानगी देतानाच करावी. नंतर पाइप वळविणे महाग पडते आणि बहुधा राहूनच जाते.

ही कामे देवस्थानाचे विश्वस्त, पंचायत आणि शाळा यांनी एकत्र बसून वाटून घेतली तरच टिकतात. तळे देवाचे म्हणून पंचायत हात लावीत नाही आणि पाणी गावाचे म्हणून विश्वस्त खर्च करीत नाहीत, अशा स्थितीत कोणाचेच नसलेले तळे बुजून जाते.

दर्शनाची रीत

महड आणि पालीस जाणाऱ्या यात्रेकरूनेही काही गोष्टी स्वतःहून पाळाव्यात. संकष्टी, अंगारकी आणि सुट्ट्यांचे दिवस टाळून आडवारी गेल्यास दर्शन शांतपणे होते आणि गावावरचा ताणही कमी होतो. पाण्याची बाटली घरून भरून न्यावी आणि रिकामी परत आणावी. फुले-दुर्वा कमी न्याव्यात, आणि त्या तळ्यात न टाकता कलशात टाकाव्यात. पूजेसाठी राखलेल्या तळ्यात हातपाय धुऊ नयेत. पालीस आधी धुंडिविनायक आणि मग बल्लाळेश्वर हा क्रम आहे; त्याच्याही आधी क्षणभर तळ्याच्या काठी थांबून पाण्याची पातळी, रंग आणि काठ पाहावा. तळे स्वच्छ असेल, तर ते स्वच्छ ठेवणाऱ्या गावाला आणि देवस्थानाला मनोमन नमस्कार करावा. तसे नसेल, तर गावी परतल्यावर आपल्या गावतळ्याकडे एकदा पाहून यावे.

उरण-पनवेलच्या पट्ट्यात अजूनही कित्येक गावांना स्वतःचे तळे आहे. वाढत्या वस्तीत ती तळी म्हणजे भराव घालून वापरता येण्याजोगी मोकळी जागा, असे काहींना वाटू लागले आहे. पण भराव घालून मिळालेली जागा पावसाचे पाणी सामावून घेत नाही. ते मग घरांत शिरते. तीनशे वर्षांपूर्वी महडच्या तळ्यात गावाला देव सापडला, असे परंपरा सांगते. तो सापडला, कारण शोध घेण्यासाठी तेथे तळे शिल्लक होते. आपल्या गावचे तळे पुढच्या पिढीला शोधण्यासाठी शिल्लक ठेवणे, हे आज प्रत्येक पंचायतीच्या हाती आहे.